नातेवाईक: कोणी नाही

कॅम्प दोन, भिलाई
९ मे १९६५

तीर्थरूप जानरावदादास,
सत्यशीलाचा नमस्कार.

तुमी रायपूरले, मी इथं, मधात पॅसेंजरचा दीड घंट्याचा रस्ता, तरी तोंड पाहाले सहा-सहा महिने होतात. आई गेल्यावर तुमीच मले वाढवलं, शाळेत घातलं, म्हणून हे तुमालेच लिहून राहिले. वाचलं की फाडून टाका. यांना मी लिहिलं ते माहीत नाही.

परवा ठाण्यातला शिपाई दारावर आला. "तेजराम कौन है?" म्हणे. हे ड्युटीवर होते. मी म्हटलं, काय काम आहे. तर म्हणे, शेजारच्या मनोरंजन शीलची चौकशी आहे, तुमच्या नवऱ्यानं त्याची ओळख दिली आहे.

हा मनोरंजन बंगाली, ठेकेदाराकडं वेल्डर. आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो. बायको बेला, लेकरूबाळ नाही. पोलादाच्या प्लांटमधी पक्की नोकरी लागावी म्हणून त्यानं अर्ज केला. त्याच्यावर प्लांटच्या माणसाची सही लागते, की मी याला पाच वर्षांपासून ओळखतो. यांनी करून दिली. दादा, पाच वर्षं कुठची? ते लोक इथं येऊन दोन वर्षं झाली. उद्या काही वाकडं निघालं तर यांच्या नोकरीवर येईल.

आणि वाकडं आहे असं मले वाटते. अर्जात त्यानं जन्मगाव नदिया लिहिलं, म्हणजे आपल्या देशातल्या बंगालचं. पण त्यांच्या घरी येणाऱ्या पत्रावरचं तिकीट पाकिस्तानचं असते, मी पोस्टमनच्या हातात पाहिलं. बेला दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळच्या गाडीनं रायपूरले जाते, संध्याकाळी येते. कावून जाते विचारलं तर एकदा देवीचं देऊळ म्हणाली, एकदा दवाखाना म्हणाली. तेव्हापासून माह्या मनात पाल चुकचुकून राहिली.

तुमी निर्वासितांच्या कॅम्पात बाबू आहात. तिकडून आलेल्या साऱ्यांची नावं तुमच्या रजिस्टरात असतील. जरा पाहाल का?

तुमची,
सत्यशीला


रायपूर
१७ मे १९६५

चि. सौ. सत्यशीला हिस जानरावचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. वाचून फाडले आहे.

ऑफिसात सध्या वातावरण बरे नाही. गेल्या वर्षीची नोंदणी तपासायला वरून साहेब येऊन बसले आहेत, त्यामुळे रजिस्टर सावकाश पाहावे लागले. मनोरंजन शील नावाचा मनुष्य आमच्याकडे नाही.

तुला समजावे म्हणून लिहितो. पूर्व पाकिस्तानातून येणारे तीन तऱ्हेचे. पहिले, ढाक्याच्या आपल्या कचेरीतून स्थलांतराचा दाखला घेऊन येतात. दुसरे, दंगलीत जीव घेऊन पळतात, त्यांना सरहद्दीवर चिठ्ठी मिळते. हे दोन्ही निर्वासित. त्यांना तंबू, शिधा, पुढे दंडकारण्यात जमीन. तिसरे पाकिस्तानचा पासपोर्ट आणि आपला व्हिसा घेऊन येतात. ते हिंदू असोत की आणखी कोणी, कागदावर पाकिस्तानी. त्यांनी मुदत संपली की परत जायचे असते. न गेलेले पुष्कळ आहेत.

हा इसम यांपैकी कोण, ते त्याच्या कागदावरून कळेल. कागद घरातच असणार. तुझे त्या बाईकडे जाणे-येणे आहे, डोळे उघडे ठेव. तेजरामजींना एवढ्यात काही बोलू नकोस. ते भोळे आहेत, जाऊन त्यालाच विचारतील.

तुझा,
जानराव


भिलाई
२० जून १९६५

तीर्थरूप दादास नमस्कार.

कसं लिहू समजत नाही. माह्या हातून झालं ते झालं.

दुसऱ्या मंगळवारी बेला चाबी माह्याजवळ ठेवून गेली. नळ चार वाजता येते, माठ भरून ठेवा म्हणाली. मी माठ भरला. मंग आतून कडी लावली. खाटेखाली पत्र्याची पेटी होती, तिला कुलूप नव्हतं. लाल लुगड्याच्या खाली, कापडात बांधलेलं, एक हिरवं पुस्तक निघालं. इंग्रजी अक्षरं मले जुळवता येतात. पाकिस्तान लिहिलं होतं. आतमधी मनोरंजनचा फोटो, जन्मगाव खुलना, शिक्का १९५८चा.

ज्याच्यासंगं हे रोज एका सायकलवर जातात तो माणूस खोटं गाव सांगून राहिला.

त्याच पेटीत आणखी एक कागद होता. इंग्रजीत टाईप केलेला, खाली जांभळ्या शाईचा अंगठा, आणि बाजूले तुमच्या कॅम्पचा गोल शिक्का. तुमच्या पत्रांवर असते तोच. दादा, तुमच्या कॅम्पचा शिक्का त्यांच्या पेटीत कसा?

संध्याकाळी बेला चाबी न्याले आली. माह्यासाठी रायपूरहून बांगड्या आणल्या होत्या. मी घालून घेतल्या. नाही कसं म्हणणार?

सत्यशीला


रायपूर
२६ जून १९६५

चि. सौ. सत्यशीला हिस आशीर्वाद.

त्या कागदावर वर उजवीकडे नंबर असेल, तो नीट उतरवून पाठव. अंगठ्याखाली नाव असेल, तेही. कागदात आणखी कोणाचे नाव असल्यास तेही. जसे लिहिले आहे तसेच लिही, आपल्या मनाने दुरुस्त करू नकोस.

पेटी उघडल्याचे कोणाजवळ बोलू नकोस. हेही पत्र फाडून टाक.

जानराव


भिलाई
११ ऑगस्ट १९६५

तीर्थरूप दादास नमस्कार.

जुलैच्या मंगळवारी पेटीतून उतरवून मी नंबर आणि दोन नावं पाठवली, त्याले महिना झाला. तुमची काहीच पोच नाही. आता वाटते पाठवली नसती तर बरं झालं असतं. काही केलं नसेल तर करू नका.

काल बेला रायपूरहून आली ती सरळ माह्या घरी येऊन बसली. डोळे सुजले होते. मी तिले सरळ विचारलं, "बाई, तू जाते कुठं?" तिनं पदरानं डोळे पुसले. मंग सारं सांगितलं, हिंदीत. मी आपल्या बोलीत लिहिते.

निर्वासितांच्या कॅम्पात तिची सासू आहे, कुमुदिनी. गेल्या वर्षी खुलन्याकडं दंगल झाली तेव्हा म्हातारी गावच्या लोकांसंगं पळून आली. धाकटी लेक शेफालिका मामाच्या गावी होती, ती मागंच राहिली. सतरा वर्षांची. कॅम्पात नोंदलेल्या माणसाचं सख्खं लेकरू तिकडं अडकलं असलं तर त्याले ढाक्याले दाखला मिळते म्हणे. म्हणून म्हातारी कॅम्प सोडत नाही. पोराच्या घरी राहाले आली तर नाव कटते, नाव कटलं की लेकीचा अर्ज मेला. पेटीतला तो टाईप केलेला कागद म्हणजे त्याच अर्जाची नक्कल असावी.

मी म्हटलं, "भाऊच तिले कावून बोलवत नाही?"

ती म्हणाली, "त्याले कोण विचारते? तो पासपोर्ट घेऊन आला. ढाक्याले तीन दिवस रांगेत उभा राहून, कायद्यानं आला, म्हणून तो परका. आमच्या गावचे शेतातून चोरून आले, ते इथले झाले." इथल्या नागरिकत्वाचा अर्ज त्यानं दोन वर्षांपूर्वी टाकला, त्याचं उत्तर नाही. पाकिस्तानी माणसाले प्लांट पक्कं करत नाही. म्हणून त्यानं नदिया लिहिलं.

खोटं लिहिलं, ते तिनं कबूल केलं. पण दादा, हेर असा नसते.

पेटीचं मी तिले सांगितलं नाही.

सत्यशीला


भिलाई
१९ सप्टेंबर १९६५

दादा,

पाकिस्तानसंगं लढाई लागल्यापासून इथं घराघरांत काचेले काळे कागद लावले. जो तो दुसऱ्याच्या दाराकडं पाहते. नळावर बाया बेलाले जागा देत नव्हत्या. अकरा तारखेले सकाळीच पोलिसांची जीप आली.

फौजदारानं झडती घेतली नाही. सरळ खाटेखाली हात घातला, पेटी ओढली, लाल लुगडं उचललं, पुस्तक काढलं. मनोरंजन नुकताच पाळीवरून आला होता, तोंडावरची काजळीही धुतली नव्हती. "चलो," एवढंच म्हणाले. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि चपला घातल्या.

फौजदाराच्या हातात फाईल होती. त्यात वरचाच कागद निळा आंतरदेशीय होता. अक्षर ओळखाले मले वेळ लागला नाही. ते माह्यंच होतं. जूनचं पत्र, 'लाल लुगड्याच्या खाली' त्याच्याखाली लाल पेन्सिलीची रेघ.

तुमी तर फाडतो म्हणाले होते.

बेलाले मराठी वाचता येत नाही. पण तिनं कागद पाहिला आणि मंग माह्या तोंडाकडं पाहिलं. आता तिले रोज ठाण्यात हजेरी आहे, गाव सोडाची मनाई. कॅम्पातून एक सरकारी लिफाफा आला तो मीच तिले वाचून दाखवला. सासूनं खोटी माहिती देऊन नोंदणी केली म्हणून तिचा शिधा थांबवला आणि लेकीचा अर्ज रद्द केला.

दादा, हे तुमी केलं का? हो की नाही, एवढंच लिहा.

सत्यशीला


रायपूर
२५ सप्टेंबर १९६५

चि. सौ. सत्यशीला हिस आशीर्वाद.

सरकारी कामाविषयी बाहेर लिहिता येत नाही. तरी तुझ्या समाधानासाठी लिहितो. होय.

आता जे केले ते का केले, तेही ऐक. त्या इसमाच्या फॉर्मवर तेजरामजींची खोटी सही होती. चौकशी सुरू झालीच होती. आज ना उद्या ते उघडे पडले असते आणि दोघेही आत गेले असते. मी आपण होऊन कळवले म्हणून तू माहिती देणारी ठरलीस आणि तेजरामजी फसवले गेलेले ठरले. सोबत बयानाचा मसुदा जोडला आहे. 'मनोरंजन शील याने मजजवळ खोटे बोलून सही घेतली.' त्यावर त्यांची सही घेऊन ठाण्यात दे. एवढ्यात प्रकरण मिटेल.

म्हाताऱ्या बाईविषयी. रजिस्टरात तिच्या नावापुढे नातेवाईक या रकान्यात स्पष्ट लिहिले आहे: कोणी नाही. निराधार म्हणून वर्षभर शिधा खाल्ला. आता एकाएकी मुलगी निघाली, मुलगा निघाला. सरकारने कोणावर विश्वास ठेवायचा? दोन्ही देशांनी नियम केले ते लोकांनी पाळावेत म्हणून. एकाने पासपोर्ट लपवला, दुसरीने पोरे लपवली. ही माणसे सरळ नाहीत.

तुझ्या भल्याचेच केले आहे, हे आज ना उद्या पटेल.

जानराव


भिलाई
१७ ऑक्टोबर १९६५

दादा,

तुमचा मसुदा यांच्यापुढं ठेवला. तेव्हाच सारं सांगावं लागलं. पत्रं, पेटी, नंबर, सारं. हे जेवत होते. ताट बाजूले सारलं आणि मसुदा दोनदा वाचला.

म्हणाले, "हे खोटं आहे. मले कोणी फसवलं नाही."

मी म्हटलं, "गाव खोटं लिहिलं ना त्यानं."

"लिहिलं. मले मालूम होतं. खुलन्याचा आहो म्हणून त्यानं पहिल्याच महिन्यात सांगितलं. मी म्हटलं, तू गर्डर जोडतो ते पाहून रशियन साहेब हात मिळवते, तुले गाव कोण विचारते. सही मी समजून-उमजून केली."

"मंग दोन वर्षं मले कावून नाही सांगितलं?"

हे उठून हात धुऊन आले. मंग म्हणाले, "तुले सांगितलं की ते रायपूरले पोचते. तू दादाले सारंच लिहिते."

दादा, मले मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. दुसऱ्या दिवशी हे ठाण्यात जाऊन खरं बयान देऊन आले. आता प्लांटची नोटीस आली आहे.

या मंगळवारी बेलाले गाव सोडता येत नव्हतं. ती दारात आली आणि नजर न उचलता म्हणाली, "अम्मा को चावल पहुँचा दो." तिले दुसरं कोणी नाही, म्हणून माह्याकडं आली. मी कॅम्पात गेले. तुमच्या ऑफिसाकडं वळले नाही.

म्हातारी सहाव्या रांगेतल्या तंबूत शेवटच्या टोकाले राहते. शेजारची एक बाई हिंदी जाणते, तिच्या तोंडून बोलणं झालं. मी विचारलं, तुमी नोंदणीच्या वेळी पोरांची नावं कावून नाही सांगितली? ती माह्याकडं पाहतच राहिली. मंग बोटांवर मोजून सांगाले लागली. मनोरंजन, भिलाईले, लोखंडाच्या कारखान्यात. शेफालिका, मामाकडं. बाबूले दोनदा सांगितलं म्हणे. बाबूनं मान हालवली, लिहिलं आणि अंगठा घेतला. इंग्रजीत काय लिहिलं ते तिले काय समजणार?

कोणता बाबू, विचारलं. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेला, म्हणाली.

दादा, गेल्या वर्षी उन्हाळ्यात तुमी इथं आले होते तेव्हा तो दोरा मीच बदलून दिला होता.

त्या रकान्यात अक्षर कोणाचं आहे, ते लिहा.

सत्यशीला


रायपूर
३० ऑक्टोबर १९६५

सत्यशीला,

आठ दिवस हे पत्र लिहून राहिलो आणि फाडून राहिलो. तुझी पत्रं फाडली नाहीत आणि माझीच फाडतो आहे.

अक्षर माझं आहे.

गेल्या वर्षी एप्रिलात एका दिवशी तीन स्पेशल गाड्या आल्या. सहा टेबलं, हजाराच्या वर माणूस, अंगावर उकाडा आणि पोरांची रडारड. ते काय बोलतात ते आम्हाला समजत नव्हतं. दुभाषा एकच, तोही देवीच्या साथीच्या तंबूत गुंतलेला. ज्याचे नातेवाईक बाहेर आहेत त्याचे आणखी तीन फॉर्म भरावे लागत. एकट्या बाईला 'कोणी नाही' लिहिलं की एका ओळीत काम. ती दोन बोटं वर करून काही सांगत होती ते मला आठवतं. मी दोन बोटं पाहिली आणि 'कोणी नाही' लिहिलं. त्या दिवशी असं आणखी किती जणांचं लिहिलं, ते सांगता येत नाही.

मे महिन्यात साहेब रजिस्टर तपासायला बसले. ज्याच्या नोंदी खोट्या निघतील त्याची नोकरी जाणार होती. जुलैत तू नंबर पाठवलास. ओळ काढली, अर्ज शेजारी ठेवला, तेव्हाच समजलं. दोहोंतला एक खोटा. बाई किंवा मी. मी बाई खोटी असं लिहिलं. आणि ते खरं वाटावं म्हणून तिच्या मुलाचा पासपोर्ट जोडला, तुझं पत्र जोडलं. तेजरामजींना वाचवण्याचं मी नंतर जुळवलं. आधी मी मलाच वाचवलं.

तुले लिहिताना सरकार, नियम, दोन देश, असं सारं लिहिलं. मले मालूम होतं का लिहून राहिलो ते.

काल साहेबांपुढे लेखी दिलं. नोंद माझी, चूक माझी, बाईने खरे सांगितले होते. साहेब म्हणाले, आत्ता लढाईच्या वातावरणात हे कावून उकरता? मी म्हटलं, लिहून घ्या. बाईचा शिधा कालपासून सुरू झाला. माझी चौकशी लागली आहे. तोवर टेबलावर बसतो आहे.

मुलीच्या अर्जाचं मात्र काही करता आलं नाही. सप्टेंबरपासून तिकडची वाटच बंद आहे. जुलैत तो अर्ज पुढे गेला असता तर ऑगस्टात दाखला निघाला असता. हे मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

जानराव


भिलाई
२० फेब्रुवारी १९६६

दादा,

तुमच्या पत्राले उत्तर द्याले साडेतीन महिने लागले. लिहावंसं वाटत नव्हतं.

मनोरंजन चार तारखेले सुटून आला. दोन्ही देशांचा समझोता झाला म्हणून सोडलं, पण दर सोमवारी ठाण्यात जावं लागते. वाळला आहे, खोकते. प्लांटचा अर्ज तर गेलाच, जुन्या ठेकेदारानंही घेतलं नाही. आता जामुलकडं सिमेंटच्या कामावर दुसऱ्या ठेकेदारानं ठेवलं आहे. सकाळी हे सायकलवर चौकापर्यंत सोडून देतात. यांची बढती दोन वर्षं थांबली आणि क्वार्टरच्या यादीत नाव तळाले गेलं. हे त्याच्याबद्दल काही बोलत नाहीत. माह्यासंगं बोलतात, पण कामापुरतं. तो विश्वास कधी येईल ते मले माहीत नाही.

बेलाले मी सारं सांगून टाकलं. मनोरंजन सुटाच्या आधीच सांगितलं, तो आल्यावर सांगणं सोपं झालं असतं, तसं मले नको होतं. पेटी मी उघडली, नंबर मी पाठवला, आणि तो बाबू माहा सख्खा भाऊ आहे. ती तांदूळ निवडून राहिली होती. निवडतच राहिली. मंग विचारलं, "नंबर के साथ शेफाली का नाम भी भेजा था?" मी हो म्हटलं. ती उठून आत गेली. पंधरा दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. आता नळावर बोलते, घरात येत नाही.

म्हातारीले कॅम्पानं पंधरा दिवसांची सुट्टी दिली, त्यासाठी तुमी सही केली असं समजलं. ती मनोरंजनकडं आली आहे. डाक पुन्हा सुरू झाली तेव्हा शेफालीच्या मामाचं पत्र आलं. पोरगी जिवंत आहे. लढाईत मामाचं घर गेलं, दुसऱ्याच्या घरी राहून राहिली, पण जिवंत आहे. अर्ज पुन्हा करा, असं तिनं खाली आपल्या हातानं लिहिलं आहे.

काल म्हातारी आमच्या अंगणात येऊन बसली. बेला दारातूनच तिचं बोलणं समजावून सांगत होती. म्हातारीनं विचारलं, नवा अर्ज कोणत्या टेबलावर जाईल? मले खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, त्याच टेबलावर, त्याच बाबूकडं, आणि तो माहा भाऊ आहे. बेला सांगाले थांबली. मंग तिनं सांगितलं.

म्हातारीनं ते ऐकलं. तिनं तुमाले शिव्या दिल्या नाहीत, आशीर्वादही दिला नाही. तिनं विचारलं, त्याले या खेपेले ऐकू येईल का?

मी म्हटलं, मी लिहून पाठवते.

तिनं एकेक अक्षर सांगितलं, बेलानं मले सांगितलं, मी वाचून दाखवलं, तिनं पुन्हा म्हणाले लावलं. दोनदा तपासलं. नाव शेफालिका शील. बापाचं नाव ललितमोहन, मयत. वय अठरा चालू. आई कुमुदिनी, तुमच्या कॅम्पात, तंबूची रांग सहावी. भाऊ मनोरंजन, भिलाई.

दादा, आता लिहून घ्या.

सत्यशीला